चौथं नाव

फॉर्ममध्ये आठ नावं टाकायला जागा होती. टिटवीनं तीनच टाकली आणि लॅपटॉप मिटला.

"झालं?" आईनं विचारलं.

"झालं."

"पाच रकाने रिकामे आहेत गं अजून."

"असू देत. रिकामे रकाने चावत नाहीत."

लहानपणी ही मुलगी रडायला लागली की चार घरांपर्यंत ऐकू जायचं, म्हणून बाबांनी तिचं नाव टिटवी ठेवलं होतं. आता ती रडत नसे, फक्त एखाद्या गोष्टीवर अडून बसे. तिला आर्किटेक्ट व्हायचं होतं, आणि तेही नदीकाठच्या कॉलेजातूनच. तिचं घोडं अडलं होतं तीन मार्कांवर. प्रवेश परीक्षेत दोनशेपैकी एकशे एकाहत्तर पडले होते. नदीकाठच्या कॉलेजची यादी तीन वर्षांपूर्वी एकशे एकोणसत्तरला थांबली होती, मग एकशे बहात्तरला आणि गेल्या वर्षी एकशे चौऱ्याहत्तरला. बाकीची दोन कॉलेजंही त्याच तोऱ्यातली.

शाळेतल्या समुपदेशक बाईंनी मायलेकींना समोर बसवून सगळं समजावलं होतं. यादीत तीन प्रकारची कॉलेजं हवीत, त्या म्हणाल्या होत्या. काही उडी मारून गाठायची, काही हात सहज पोचेल अशी आणि एकदोन पदरात पडल्यातच जमा. मिळणार एकच, यादीतलं सगळ्यात वरचं जे बसेल ते. आईला हे लगेच पटलं. खाली एक नाव जास्त टाकल्यानं वरच्याचं काय बिघडतं? बाजारामागचं कॉलेज होतंच की. एकशे एकसष्टच्या वर ते कधी गेलं नव्हतं.

"बाजारामागचं टाक ना एक," आई दोन दिवस म्हणत राहिली.

"आई, तू माझ्या पडण्याची तयारी करतेयस."

"पडलीस तर खाली काहीतरी मऊ असावं, एवढंच म्हणतेय."

"मला मऊ नकोय."

बाबा वजनकाटे दुरुस्त करायचे. दुकानादुकानांतून फिरून काटे तपासायचे, बिघडलेले घरी आणायचे. ते हातातला स्क्रू न सोडता म्हणाले, "तीन मार्क म्हणजे काट्यावरची धूळ. फुंकर बसली तर इकडे, नाही तर तिकडे."

"अहो, तुम्ही गप्प बसा," आई म्हणाली. त्या धुळीनंच तर तिचा जीव टांगणीला लागला होता.

आई दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायची. बावीस वर्षं तेच काम. दवाखान्यांतून जबड्यांचे साचे यायचे, त्यावर ती मेण चढवायची, मेणात एकेक दात बसवायची आणि वरची-खालची ओळ मिटून बघायची. तिच्या हातची कवळी परत आली असं क्वचितच व्हायचं. शुक्रवारी, फॉर्म बंद व्हायच्या दिवशी, तिनं उजवीकडच्या दाढा डावीकडे बसवल्या. शेजारी पॉलिश करणारी बाई मशीन थांबवून बघतच राहिली.

"हा माणूस उलटा चावणार का?"

आई कसनुसं हसली. मेण खरवडून काढलं, हात धुतले आणि डबा न उघडताच जिन्यात जाऊन उभी राहिली. पासवर्ड तिला पाठ होता. घरात फ्रिजवर तो टिटवीनंच चिकटवला होता. फोनवर पान उघडलं. तीन नावं, पाच रिकामे रकाने. चौथ्या रकान्यात तिनं बाजारामागचं कॉलेज टाकलं. 'बदल जतन करायचे का?' असं विचारल्यावर अंगठा क्षणभर तसाच राहिला, मग पडला. तेव्हा दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. पाच वाजता फॉर्म कायमचा बंद होणार होता.

जिना चढताना तिला इतकं हलकं वाटलं की दुपारच्या कवळ्या तिनं एका बैठकीत संपवल्या. संध्याकाळी घरी मात्र ती टिटवीच्या नजरेला नजर देईना. टिटवीही गप्प होती. तिला निकालाची धास्ती असेल, असं आई धरून चालली.

निकालाला दहा दिवस होते. त्या दहा दिवसांत आईच्या पायाला भिंगरी लागली. एकच कपाट तिनं तीनदा आवरलं. भाजी आणायला निघायची आणि बाजारामागच्या कॉलेजच्या फाटकापर्यंत जाऊन यायची. इमारत बरी होती. झाडंही होती. आतून निघणारी मुलं तिला उगाच मरगळलेली वाटायची. मग ती स्वतःलाच दटावायची, मुलं सगळीकडे तशीच दिसतात दुपारची. घरी आल्यावर टिटवीला सांगायचं, असं रोज ठरवायची आणि रोज तिच्या तोंडून भलतंच निघायचं. "पंखा बंद कर," नाही तर "केस बांध."

नवव्या दिवशी तिनं नवऱ्याला सांगितलं. त्यांनी मांडीवरचा काटा खाली ठेवला.

"तिला न विचारता?"

"विचारलं होतं. नाही म्हणाली."

"मग ते न विचारण्याहून वाईट," बाबा म्हणाले. त्यांना असं बोलताना तिनं फारसं ऐकलं नव्हतं. "आज सांगून टाक. उद्या तिला स्क्रीनवर दिसण्यापेक्षा तुझ्या तोंडून कळू दे."

आई उठली, टिटवीच्या खोलीच्या दारापर्यंत गेली. टिटवी जमिनीवर पालथी पडून पुठ्ठ्याचा पूल कापत होती. तिनं मान वर केली. "काय गं?"

"काही नाही. जेवायला ये."

निकाल सकाळी अकराला लागला. तिघं लॅपटॉपसमोर दाटीनं बसली. टिटवीनं नंबर टाकला. पानावर एकच ओळ आली. या फेरीत आपल्याला कोणतंही कॉलेज मिळालेलं नाही.

आईला ती ओळ समजेचना. नदीकाठचं नाही मिळालं, ते एक वेळ ठीक. पण बाजारामागचं? तिनं टिटवीच्या हातून माऊस जवळजवळ हिसकावला. यंदाच्या याद्या उघडल्या. नदीकाठचं एकशे त्र्याहत्तरला थांबलं होतं आणि बाजारामागचं एकशे त्रेसष्टला.

"हे चुकलंय," ती म्हणाली. "असं कसं होईल? चौथं तर..."

आणि थांबली.

"चौथं मी काढलं," टिटवी म्हणाली.

आईनं माऊस खाली ठेवला.

"फॉर्ममध्ये काही बदललं की माझ्या फोनवर मेसेज येतो, आई. दोन वाजून अकरा मिनिटांनी आला. मी वर्गात होते. आधी वाटलं, कुणीतरी फॉर्म चोरला. मग नाव बघितलं, तेव्हा कळलं चोर कोण." तिचा आवाज चिरकला. "पाचला पाच मिनिटं असताना काढलं. तोवर वाट बघत होते. म्हटलं, तू फोन करशील. सांगशील."

"मग तू तरी बोलायचंस! दहा दिवस गं!"

"तूही नाही बोललीस."

आईला राग आला होता, लाजही वाटत होती आणि या दोन्हींच्या खाली, एकशे त्रेसष्टला थांबलेली ती यादी डोळ्यांसमोर नाचत होती. मिळालं असतं. हातात आलेलं पोरीनं भिरकावून दिलं होतं. हे सगळं तिच्या ओठांवर आलं होतं, पण पुढच्या क्षणी टिटवी लहानपणीसारखी, चार घरांपर्यंत ऐकू जाईल अशी रडली. आईनं तिला धरलं.

"माझी चूक झाली," आई म्हणाली. "फॉर्म तुझा होता."

"मीपण मूर्खासारखं केलं," टिटवी तिच्या खांद्यात तोंड खुपसून म्हणाली. "रागानं केलं. विचार करून नाही."

दुपारी दोघी समुपदेशक बाईंकडे गेल्या. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"नियमांचं पान कुणी वाचलं होतं?"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"पहिल्या फेरीत जे मिळतं ते घ्यावं लागतं. नाकारलं तर दुसऱ्या फेरीतून बाहेर. म्हणजे आई, तुमचं चौथं नाव लागलं असतं, तर हिला तिथंच जावं लागलं असतं. आणि तू," त्या टिटवीकडे वळल्या, "तुझी हुशारी समजू नकोस ही. यंदा जागा उरल्यात हे नशीब. नसत्या उरल्या तर वर्षभर घरी पुठ्ठे कापत बसली असतीस. आता चार दिवस आहेत. एकत्र बसा."

दुसऱ्या फेरीच्या रिकाम्या जागांची यादी संध्याकाळी आली. बाजारामागचं कॉलेज भरलं होतं. नदीकाठी दोन जागा होत्या. टिटवीनं मोठा कागद पसरला आणि तीन-तीन वर्षांचे आकडे मांडायला घेतले. कोण कुठे थांबलं, यंदा किती जागा उरल्या, किती मुलं अजून रांगेत आहेत. आई शेजारी बसून आकडे वाचून दाखवत होती. एका नावाशी टिटवीची पेन्सिल थांबली. दोन तासांवरचं कॉलेज, विटांच्या जुन्या कारखान्यात भरणारं. अकरा जागा. एकशे अडुसष्ट, एकशे पासष्ट, एकशे सत्तर.

"हात पोचेल," टिटवी म्हणाली. "पण तिथं कोण जातं, काय माहीत."

"आकड्यांवरून कशाला ठरवतेस? बघून येऊ."

आईनं लॅबमधून सुट्टी घेतली. बावीस वर्षांत अशी अचानक सुट्टी तिनं तीनदा घेतली असेल. बस कॉलेजच्या अलीकडेच सोडायची, पुढे वीस मिनिटं चालत. उंच धुराड्याखाली लांबलचक शेड होती. आत मुलं वाकून मॉडेलं करत होती, जमिनीवर भुसा आणि कापलेले पुठ्ठे. पहिल्या वर्षाच्या एका मुलीनं त्यांना सगळीकडे फिरवलं. तिनं काही लपवलं नाही. छत गळतं, लायब्ररी एवढीशी आहे, दोन मास्तर सोडून गेले. "पण इथं काय वाट्टेल ते बनवून बघता येतं," ती म्हणाली. "कुणी हात धरत नाही."

एका टेबलावर तिघं जण प्लास्टरच्या भिंती ओतत होते आणि प्रत्येक भिंतीला भोकं पडत होती. आई बराच वेळ बघत उभी राहिली. शेवटी तिला राहवेना.

"पावडर पाण्यात टाका, पाणी पावडरीत नको," ती म्हणाली. "आणि ओतल्यावर साचा असा आपटा. हळू. हवा वर येते बघा."

तिनं बाह्या सारल्या आणि करूनच दाखवलं. बुडबुडे वर आले, फुटले. मुलं भोवती गोळा झाली. कार्यशाळेच्या मास्तरांनी विचारलं, "तुम्ही शिल्पकार का?"

"नाही हो. कवळ्या बनवते."

ते मोठ्यानं हसले आणि तिला आणखी एक साचा भरायला दिला. टिटवी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला उभी होती. आपल्या सतरा वर्षांत तिनं आईला काम करताना कधी पाहिलंच नव्हतं. मग बाह्या सारून तीही पुढे झाली.

परतीच्या बसमध्ये त्यांनी यादी केली. पहिलं नदीकाठचं, कारण टिटवी ते सोडायला तयार नव्हती. दुसरं विटांच्या कारखान्यातलं. मग आणखी एक, आणि शेवटी दोन अशी, की तिथं जागा मिळालीच असती. ती दोन नावं टिटवीनं स्वतः निवडली. खिडकीची काच खडखडत होती आणि ती मांडीवर कागद दाबून धरून लिहीत होती.

"पुरे ना पाच?" तिनं विचारलं.

सहावं सुचवायला आईची जीभ वळवळत होती. "तू सांग," ती म्हणाली.

"पुरे."

दुसऱ्या फेरीत नदीकाठच्या दोन जागा एकशे बहात्तरवाल्यांनी नेल्या. टिटवीला दुसरं नाव मिळालं. ती तासभर खोलीचं दार लावून बसली. आई बाहेर येरझाऱ्या घालत होती. बाबांनी तिला दोनदा हाताला धरून खाली बसवलं. दोन्ही वेळा ती पुन्हा उठली.

मग दार उघडलं.

"तिथं राहायची सोय कशी आहे, ते विचारायचंच राहिलं," टिटवी म्हणाली. "उद्या फोन करतेस का? की मी करू?"

"तू कर," आई म्हणाली, आणि फोन आणायला स्वतःच धावली.