रहीमचाचांचा खडू

धुळ्याच्या त्या दुकानात रहीमचाचांसमोर 'हे बदला' असं म्हणायची सोय नव्हती. गाडीच्या इंजिनाचं वरचं झाकण, म्हणजे हेड, असो नाहीतर घरातलं गळकं पातेलं, त्यांचं एकच पालुपद: "लोखंड आहे ना? मग मरत नाही. नीट करू." आणि गंमत बघा, त्याच दुकानाच्या पुढच्या भागात त्यांचा मुलगा हसीब इंजिनाची नवीजुनी हेडं विकायचा. मागे बाप दुरुस्त करणार, पुढे पोरगा बदलून देणार. गिऱ्हाईक आलं की दोघांची जुंपायची आणि ते बिचारं मध्ये उभं राहून चहा प्यायचं.

एका गोष्टीवर मात्र बापलेकांचं एकमत होतं. खडू लावल्याशिवाय गिऱ्हाइकाला शब्द द्यायचा नाही. हेड धुवायचं, रॉकेल चोळून मुरू द्यायचं, कोरडं पुसायचं आणि वरून खडूची भुकटी फासायची. कुठे चीर असली तर आत मुरलेलं रॉकेल खडूवर काळपट रेघ काढतं. रेघ नसेल तर हेड मशीनवर घासून सपाट केलं की काम झालं. खडूचा डबा चाचा मशिदीजवळच्या दुकानातून स्वतः आणायचे, ते काम दुसऱ्या कुणाला देत नसत.

गेल्या वर्षी चाचांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, साधं ऑपरेशन आहे, आतलं भिंग काढून नवं बसवायचं. झालं! चाचा तिथल्या तिथे उठून घरी आले. "अल्लाने दिलेलं भिंग काढून कारखान्यातलं बसवू? मी काय भंगार आहे?" हसीबची आई, आबेदाबी, रडून थकली, भांडून थकली. म्हातारा ढिम्म हलला नाही.

तेव्हापासून हसीबचा एक चोरटा उद्योग सुरू झाला. अब्बा दुपारच्या नमाजला गेले की त्यांनी तपासलेलं हेड तो पुन्हा धुऊन पुन्हा खडू लावायचा. मध्यंतरी एका हेडाला अब्बांना न दिसलेली चीर त्याला सापडली. त्याने गिऱ्हाइकाला फोन करून मशीन बिघडल्याची थाप मारली आणि हेड दुसऱ्या कारखान्यात पाठवून दिलं. घरात अवाक्षर काढलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं तो मनाला समजवायचा, पण मन काही समजायचं नाही.

अशात एक दिवस वेस्ता आला, खांद्यावर गोणपाटात गुंडाळलेलं जीपचं हेड घेऊन. शिरपूरच्या पलीकडे सातपुड्याच्या पायथ्याशी त्याचं गाव. पाड्यावरच्या माणसांना बाजार गाठायचा असो की दवाखाना, वेस्ताची जीप, नाहीतर आपले पाय. होळी तोंडावर आली होती. होळीआधी भरणाऱ्या भोंगऱ्या बाजाराच्या दिवसांत त्या जीपच्या टपावरसुद्धा जागा मिळत नाही. आणि नेमकं मागच्या बाजाराला चढावर इंजिन उकळून बंद पडलं, भरलेली जीप मागे सरकायला लागली. वेस्ताची बायको मोगराबाई आणि आणखी दोघीतिघींनी उड्या टाकून चाकांमागे दगड लावले, म्हणून निभावलं.

चाचांनी हेडाच्या पाण्याच्या भोकात बोट घातलं, बाहेर काढून नाकाशी नेलं आणि वेस्ताकडे बघतच राहिले.

"अरे, ही हळद आहे!"

"हा ना चाचा. रेडिएटर गये, म्हनीसन मूठभर हयद टाकी. गयनं बंद व्हयनं."

"गळणं थांबलं. मग?"

"मंग दर बाजारले एक मूठ. औषध शे ना!"

"नवरदेवाला नाही लावत रे एवढी हळद!" चाचा कपाळाला हात लावून हसले. "आतल्या सगळ्या वाटा बुजवल्यास. पाणी फिरेना, मग इंजिन तापणार नाही तर काय? रोगापेक्षा इलाज भयंकर!"

वेस्ता ओशाळून हसला. हसीबही हसला. हेड धुतलं, रॉकेल मुरलं, पुसलं, चाचांनी खडू फासला. मग ते नाक टेकेल इतके खाली वाकले, या टोकापासून त्या टोकापर्यंत बघून ताठ झाले आणि खुशीत म्हणाले, "साफ! एक रेघ नाही. घासून देतो, संध्याकाळी घेऊन जा."

हसीबला रेघ दिसली होती. दोन वॉल्व्हच्या मधून निघून थेट पाण्याच्या भोकापर्यंत गेलेली, केसासारखी बारीक.

नमाजला अजून वेळ होता. अब्बांनी हेड मशीनवर चढवायला घेतलं होतं, आणि वेस्ता दारात उभा राहून मोगराबाईला फोनवर ओरडून सांगत होता की संध्याकाळी निघतो, लोकांना सांगून ठेव. थाप मारायची तर कुणाला मारणार? 'बदला' म्हणावं तर अब्बा गिऱ्हाइकासमोर म्हणणार, तुला विकायचंच पडलंय. चीर आहे म्हणावं, तर ती रहीमचाचांना दिसली नाही हे गावभर होणार, आणि उभा जन्म घालवून कमावलेलं नाव एका दिवसात जाणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं! गप्प बसणं सगळ्यात सोपं होतं. पण त्या चढावर दर वेळी हाताशी दगड सापडतीलच असं थोडंच आहे?

"अब्बा," तो म्हणाला, "मशीन लावू नका. इथे नख फिरवा."

"कुठे?"

हसीबने त्यांचा हात धरला आणि दोन वॉल्व्हच्या मध्ये नेऊन ठेवला. चाचांचं नख सरकलं आणि अडलं. त्यांनी खडू पुसला, पुन्हा नख फिरवलं. पुन्हा तिथेच अडलं. वेस्ताने फोन खिशात टाकला. चाचांनी हेड मशीनपासून बाजूला ठेवलं.

"वेस्ता," चाचा म्हणाले, "हे हेड घाटात न्यायचं नाही. बदलून टाक." तो शब्द त्यांच्या तोंडून हसीब पहिल्यांदाच ऐकत होता. "चीर आहे. मला दिसली नाही, माझ्या पोराला दिसली."

"अब्बा, मी..."

"गप. किती दिवस झाले माझ्यामागे खडू लावतोयस?"

हसीबची नजर खडूच्या डब्याकडे गेली.

"डबा मी आणतो रे. पूर्वी संपता संपत नव्हता, आता बघता बघता रिकामा होतो. डोळे गेलेत, अक्कल नाही गेली. रोज वाटायचं, आज बोलेल. तू सांगायला घाबरलास, मी विचारायला घाबरलो. दोघेही बापलेक शोभतो!"

हसीबला रडू आलं. वेस्तासमोर आलं, याची त्याला लाजही वाटली नाही.

वेस्ताला राहवेना. "मोतीबिंदू शे का चाचा? मना सासराले बी व्हता. भिंग बदली टाकं, आते झाडवरना पोपट देखस."

"त्याची गोष्ट वेगळी."

"वेगळी कशी? मना हेड बदलाले सांगतस आनि सोतानं भिंग नही?"

चाचांनी तोंड उघडलं. नेहमीचं उत्तर ओठांवर आलं असणार, पण समोर चिरलेलं हेड पडलेलं होतं. हातावरचा खडू झटकून ते हसीबकडे वळले.

"डॉक्टरला फोन लाव. तुझ्या आईला मी सांगतो, नाहीतर ती पेढे वाटत सुटेल. आणि पुढून याच्या जीपचं नवं हेड आण."

हसीबने हेड आणलं.

"नवं असलं म्हणून काय झालं? खडू लाव."

त्याने रॉकेल चोळलं, मुरू दिलं, पुसलं, खडू फासला. अब्बांच्या समोर, पहिल्यांदाच. मग वाकून सावकाश बघितलं.

"काय दिसतं?"

"काही नाही, अब्बा. साफ आहे."

"नक्की?"

"नक्की."

चाचांचा हात हेडापर्यंत गेला होता. तो त्यांनी मागे घेतला. "वेस्ता, घेऊन जा," ते म्हणाले, "आणि हळद स्वयंपाकघरात ठेव."