चेंबरात कोणी उतरणार नाही

माझ्या साखरपुड्याच्या सकाळी आमच्या गल्लीतली गटारलाइन तुंबली आणि घाण पाणी थेट मांडवात शिरलं. बाबांनी महापालिकेचा गटारसफाईचा ठेकेदार असलेल्या जितेंद्रला बोलावलं, आईने पालिकेच्या झोन कार्यालयात तक्रार केली. जितेंद्र आधी पोचला. सोबत दुर्गेश नावाचा कामगार. त्याने शर्ट काढला, कमरेला दोर बांधला आणि चेंबरचं झाकण सरकवलं.

तेवढ्यात झोनची जीप आली. सहायक आयुक्त नूपुर मॅडम उतरल्या.

"दोर सोडा. चेंबरात कोणी उतरणार नाही."

"थोडंसं काम आहे मॅडम," जितेंद्र हसला. "हा नेहमीच उतरते."

"म्हणजे तुम्ही नेहमीच गुन्हा करता. माणूस उतरवायला कायद्याने बंदी आहे. गटार उपसायची मशीन मागवलीय."

मशीन शहराच्या दुसऱ्या टोकाला होती. बाबा भडकले. "पाहुणे येऊन राहिले मॅडम! काहून अडवून राहिल्या तुमी?" गल्लीही बाबांच्या बाजूने ओरडू लागली. मॅडमना कुणा पुढाऱ्याचा फोन आला. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "साहेब, तुम्ही स्वतः उतरतो म्हणालात तरी मी उतरू देणार नाही."

मग दुर्गेशच हळू आवाजात बोलला, "मॅडम, नाही उतरलो तर उद्या हा मले कामावर घेनार नाही."

"तुमचं काम गेलं तर यांचा ठेका जाईल," मॅडम जितेंद्रकडे बघत म्हणाल्या. "शर्ट घाला."

नंतर त्या माझ्याकडे वळल्या. रविवार होता, कोपऱ्यावरच्या मनपा शाळेचा हॉल त्यांनी उघडून दिला. आम्ही पाट, फुलं, भांडी सगळं तिकडे हलवलं. बाबा मात्र धुसफुसतच भांडी उचलत होते.

दुपारी मशीन आली. मी आणि बाबा राहिलेलं सामान न्यायला घरी आलो होतो. मशीनवाल्याने आधी गॅस तपासायचं यंत्र दोरीने चेंबरात सोडलं. ते जरा खाली गेलं आणि कर्कश वाजायलाच लागलं.

"हे काय?" बाबांनी विचारलं.

"विषारी गॅस. माणूस तिथेच कोसळला असता."

बाबा चेंबरजवळच थांबलेल्या दुर्गेशकडे वळले. "घरी कोण आहे गा तुझ्या?"

"बायको. लहान पोरगी."

"चल, जेवायले चल," बाबांनी त्याचा हात धरला.

संध्याकाळी लाइन मोकळी झाली. बाबा मिठाईचा डबा घेऊन जीपजवळ गेले. "डबा घेता येत नाही काका," मॅडम म्हणाल्या आणि एक पेढा उचलून तिथेच तोंडात टाकला.

जितेंद्रविरुद्ध तक्रार द्यायला त्या तिथूनच पोलीस ठाण्यात गेल्या. दबाव बराच आला, पण त्यांनी तक्रार मागे घेतली नाही. ठेका रद्द झाला. नव्या ठेकेदाराने दुर्गेशला मशीनवर घेतलं, आणि आता बाबा कळमन्याच्या बाजारात कुठे झाकण उघडं दिसलं तरी थांबून विचारतात, "आत कोणी उतरलं तं नाही ना?"