जहाजाखाली टांगलेला गोळा

मी धातूचा एक गोळा. दिसायला टेबल टेनिसच्या चेंडूएवढा, पण चांगलाच जड. बोलायची मला सवय नाही. आवाज आला की तो परत द्यायचा, ठरला तेवढाच, एवढ्यासाठी मला घडवलं.

नॉर्वेच्या एका संशोधन जहाजावर मी फोम लावलेल्या पेटीत राहतो. जहाज समुद्रात आवाज सोडतं. खोल पाण्यातल्या माशांवर आपटून तो परत येतो आणि त्यावरून मासे किती याचा अंदाज बांधतात. पण यंत्र नीट ऐकतंय की नाही हे कसं कळणार? त्यासाठी शांत फ्योर्डमध्ये, डोंगरांमधल्या चिंचोळ्या खाडीत, जहाज नांगरून मला तीन दोऱ्यांनी त्याच्या तळाखाली सोडतात. माझा प्रतिध्वनी केवढा असायला हवा, ते आधीच माहीत असतं.

हे काम जहाजावरच्या संशोधक उन्नीचं. ती आधी मला भांडी धुण्याच्या साबणाच्या पाण्यात बुडवते. अंगाला हवेचा बारीक बुडबुडा चिकटला तरी उत्तर बिघडतं. मग मला कुणी बोट लावायचं नाही.

यंदाच्या मोहिमेत उएर नावाचा लाल मासा मागच्या वर्षीपेक्षा निम्माच सापडला. फार सावकाश वाढणारा मासा. त्याची मासेमारी बंद होणार असं बोललं जाऊ लागलं. उन्नीचा भाऊ ओडलाइव्ह त्याच माशावर जगतो. यंत्रच चुकलंय, पुन्हा तपासा, असं मच्छीमारांनी कळवलं, आणि त्यांच्या वतीने तोच जहाजावर आला.

"ताई, तुझं यंत्र बहिरं झालंय."

"बहिरा तू. आई हाका मारून थकायची."

"जेवायला हाक मारली की यायचो की!"

"मग आत्ताही खा." तिने तपकिरी चीज घातलेलं वॅफल त्याच्या हातात दिलं.

तो माझ्याकडे बघत राहिला. "हा एवढासा? माझी बोट राहणार की भंगारात जाणार, हे हा ठरवणार?"

"तो काही ठरवत नाही रे."

मला खाली सोडलं. आवाज आला, मी परत दिला. पुन्हा आला, पुन्हा दिला. पाणी गार असावं.

वर ओढलं तेव्हा दोघं कठड्याशी उभे होते.

"थोडं तरी चुकलं असेल ना?"

"नाही."

"म्हणजे मासेच नाहीत."

"नाहीत, ओड्या."

त्याने हात पुढे करून मला उघड्या तळहातावर घेतलं. उन्नीने अडवलं नाही.

"जड आहे," तो म्हणाला.

"हो."

बराच वेळ त्याने मला तसंच धरून ठेवलं. मग तिच्या हातात दिलं आणि शिडीने खाली उतरून गेला. वॅफल तसंच राहिलं होतं.

यंदा आता काहीच मोजायचं नव्हतं. तरी उन्नीने मला साबणाच्या पाण्यात घातलं, सावकाश धुतलं, पुसलं, पेटीत ठेवलं.

तेव्हापासून मी इथेच आहे. पुढच्या वर्षी मला पुन्हा सोडाल. वेगळं उत्तर मागू नका, माझ्याजवळ एकच आहे. आणि त्याचा हात गरम होता की गार, हेही मला विचारू नका.