लाल दिव्यात सगळं दिसायचं

बाबा संध्याकाळी जिन्यात धडपडायचे. आई म्हणायची, "आजही घेतलीत ना?" बाबा म्हणायचे, "अगं, वास घेऊन बघ." ती खरंच वास घ्यायची. दारूचा नाही, हायपोचा यायचा. हायपो म्हणजे फोटो पक्का करायचं औषध. मग ती आणखीच चिडायची.

मी बाबांच्या बाजूनं. आमचा फोटो स्टुडिओ आहे, मागे डार्करूम. जुन्या निगेटिव्हवरून बाबा अजून हातानं फोटो काढतात, लाल दिव्याखाली. त्या मिणमिणत्या उजेडात त्यांना कागदावरचं केसाएवढं कुसळही दिसायचं. मीच चाचपडायचो. म्हणून आई "पीत नाहीत तर डोळे तरी दाखवा" म्हणाली की तिला ठणकावून सांगायचो, "अंधारात ज्याला एवढं दिसतं, त्याचे डोळे कसे बिघडतील?" तीन वर्षं हेच सांगितलं.

मग बाबा भर दुपारी दारातल्या सायकलवर आपटले. डोळ्यांच्या डॉक्टरबाईंनी तपासलं. कडेची नजर जवळजवळ गेलेली. पुढचं त्यांनी मला बाहेर बोलावून सांगितलं: डोळ्याच्या पडद्यातल्या पेशी हळूहळू मरत जाण्याचा आजार, सुरुवात रातांधळेपणानं.

मी फार शिकलेलो नाही. त्या आठवड्यात मिळेल ते वाचलं. डोळ्याच्या पडद्यात दोन तऱ्हेच्या पेशी असतात. अंधुक उजेडासाठी दंडपेशी, रंग आणि बारीक कामासाठी शंकूपेशी. गंमत म्हणजे अंधारात त्या पुढच्या पेशींशी सारख्या बडबडत असतात. उजेड पडला की आतला अ जीवनसत्त्वापासून बनलेला वाकडा रेणू सरळ होतो, पेशीची बारीक दारं मिटतात, बडबड कमी होते. त्या गप्प होण्यावरून मेंदूला कळतं, उजेड आला.

आणि दंडपेशींना लाल उजेड जवळपास कळतच नाही. डार्करूममध्ये बाबा बघत होते ते शंकूपेशींनी. तिकडे दंडपेशी मरत होत्या आणि मी लाल दिव्याची साक्ष काढत होतो.

हे सगळं त्यांना डार्करूममध्येच सांगितलं. ते ट्रेमधला कागद हलवत ऐकत होते.

"म्हणजे इथलं काम चालू राहील."

"नाही बाबा. मागाहून शंकूपेशीही जातात."

"कधी?"

"ते डॉक्टरबाईंनाही सांगता येत नाही."

"आधी गेलो असतो तर?"

"थांबलं नसतं. औषधच नाही. पण तीन वर्षं तुम्ही बोलणी तरी खाल्ली नसती. ते माझ्यामुळे."

बाबा हसले. "तुझ्या आईचंच खरं निघायला हवं होतं रे. दारू सोडता तरी आली असती."

मला हसू आलं नाही. त्यांनाही पुढे आलं नाही.

त्यांनी चिमट्यानं फोटो उचलला, पाणी निथळू दिलं आणि माझ्यापुढे धरला. कुणाच्या तरी लग्नातला, घोळका उभा असलेला.

"कडेला डाग आहे का बघ."

इतक्या वर्षांत हे त्यांनी कुणाला विचारलं नव्हतं. डाग होता, खाली डावीकडे, अंगठ्याएवढा. क्षणभर वाटलं, नाही म्हणावं.

"आहे," मी म्हटलं.

त्यांनी फोटो फाडला आणि नवा कागद काढला.