डाव्या हाताचा धूम

कवडूनं आपल्या ‘छोटा हत्ती’ मालटेम्पोच्या कॅबिनमध्ये जाड आवाजाचा स्पीकर, वूफर बसवला, तेव्हा सौंसरच्या मंडीतल्या हमालांना चांगलंच खाद्य मिळालं. "काय कवडूभाऊ, आता संत्रे नाचत नाचत पांढुर्ण्याले जातीन का?"

कवडू नुसता हसला. नाचण्यातलं त्याला काही कळत नव्हतं. त्याला कीर्तन ऐकायचं होतं. मोहगावला दत्तजयंतीचा सप्ताह बसतो, त्यातलं मागच्या वर्षीचं कीर्तन साऊंडवाल्यानं थेट मशीनवरून उतरवून दिलं होतं, आणि त्यात मृदंगावर होते कवडूचे सासरे पुंडलिकराव.

पुंडलिकरावांचा मृदंग काय सांगावा! बुवांनी चरण उचलला की यांचा डावा हात असा पडायचा, की मंडपाच्या खांबाला टेकून बसलेल्याच्या पाठीतून तो धूम उतरावा आणि मुखातून आपोआप नाम यावं. पण उन्हाळ्यात डाव्या अंगावरून लकवा गेला. देवाच्या दयेनं जीव राहिला, चालणंही सुधारलं. हात मात्र मांडीवर निजल्यासारखा पडून राहिला. यंदा मोहगावात मंडपाचे बांबू येऊन पडले आणि पुंडलिकरावांनी पिशवी भरली. सरळ सौंसरला, लेकीच्या घरी.

पंचफुलेनं बापाचं मन बरोबर ओळखलं. सकाळी डबा भरता भरता ती नवऱ्याला म्हणाली, "बाबा मले भेटाले नाही आले. मृदंग कानावर पडू नये म्हणून पळून आले. उद्या काला आहे. काल्याले जर का ते मंडपात नसले न, तर मंग ते पुन्हा कधीच कीर्तनात बसत नाही, लिहून ठेवा. माणूस असाच सुकून जाईन. काही तरी करा तुमी."

म्हणून कवडूनं संत्र्याच्या खेपेबरोबर सासऱ्यालाही गाडीत घेतलं. "चाला मामाजी, पांढुर्ण्याले जाऊन येऊ. तेवढीच हवापालट."

गाव मागं पडल्यावर त्यानं हळूच कीर्तन लावलं. बुवांचा आवाज आला, टाळ आले. मृदंगही आला, पण कसा? नुसती उजव्या हाताची टिकटिक. खालचा धूम कुठंच नाही. कवडूनं बासचं बटण पार शेवटापर्यंत फिरवलं, तसा कॅबिनचा पत्रा खडखडायला लागला आणि बुवा जणू पिंपात बसून बोलू लागले.

पुंडलिकरावांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. "पाहा जवाईबुवा. मशीनमंदीही माया डावा हात मेलेलाच आहे. बंद करा ते."

कवडूनं बंद केलं. कशाला गेलो आपण हे करायला, असं त्याला झालं. औषध म्हणून द्यावं आणि त्यानंच दुखणं वाढावं, तशातली गत.

पांढुर्ण्यात माल उतरवून त्यानं गाडी तडक राजूच्या दुकानापुढं उभी केली. राजू गाड्यांमध्ये साऊंड बसवायचा. त्यानं सीट पुढं ओढली, मागची पेटी पाहिली आणि कमरेवर हात ठेवले.

"ही पेटी कोणी बनवली?"

"मीच. घरी संत्र्याच्या पेट्याच्या फळ्या पडल्या होत्या."

राजूनं दोन फळ्यांमधल्या फटीत बोट घातलं आणि आतून हलवून दाखवलं. "कवडूभाऊ, संत्र्याले हवा लागते म्हणून पेटीले फटी ठेवतेत. वूफर काय संत्रा आहे? तो पुढं हवा ढकलते, अन् मागची हवा फटीतून पळून येऊन त्यालेच खाऊन टाकते. बास बनतच नाही तं बटण पिरगाळून काय निघन?"

"फुटक्या मृदंगावाणी," कॅबिनमधून आवाज आला. पुंडलिकरावांनी तोंड इकडे वळवलं होतं.

"अगदी बरोबर बोलले काका!"

राजूनं जाड प्लायवूडची नवी पेटी जोडली. सगळे सांधे सरसानं बुजवले. आत भरायला त्यानं कापूस मागितला, तर कवडू चांगला गाठोडंभर घेऊन आला. "अहो, उशी नाही भरून राहिलो आपण," म्हणत राजूनं त्यातला मूठमूठ आत पसरला. पेटी सीटमागं ठेवून वूफरचं तोंड त्यानं मागच्या पत्र्याकडं केलं. पत्र्यालाही आतून लोकरीचा जाड नमदा डकवला, म्हणजे खडखड नको. तरी आवाज पातळच वाटला, तेव्हा वूफरच्या दोन तारा काढून उलट्या लावल्या.

"हे काहून?" कवडूनं विचारलं.

"दरवाज्यातले स्पीकर श्वास घेत होते, तवा हा सोडत होता. आता दोघं संगच घेतीन." मग त्यानं बटण अर्ध्याच्याही खाली आणलं. "आता हात लावू नका याले. कॅबिन इवलीशी आहे. घागरीत तोंड घालून बोललं तं आवाज आपोआप जाडा होते का नाही? तसंच. थांबा, एक डीजेचं गाणं लावून पाहू."

"नको राजूभाऊ," कवडू म्हणाला. "यात पहिले जे वाजन ते कीर्तनच वाजन."

परतीच्या वाटेला लागल्यावर कवडूचा हात बटणाकडं गेला, तसे पुंडलिकराव म्हणाले, "राहू द्या न जी. सकाळी ऐकलं तेवढं पुरे."

"एक डाव मामाजी. मंग नाही लावत."

बुवांनी चरण उचलला. आणि मग तो आला. मोठा नाही, दणकाही नाही. सीटच्या पाठीतून गोल, ओला, जमिनीतून वर यावा तसा धूम. पुन्हा एक. बुवांच्या शब्दाला खालून कोणी हात दिल्यासारखा. कवडूच्या अंगावर काटा आला. पुंडलिकरावांच्या डाव्या हाताचं बोटही हाललं नाही. पण मान हालली.

"मागं घ्या," ते म्हणाले. ऐकलं. "अजून एक डाव." पुन्हा ऐकलं. मग डोळे मिटूनच बोलले, "कणीक चांगली बसली होती त्या दिवशी."

मृदंगाच्या डाव्या तोंडावर कणकेचा गोळा थापतात, त्याशिवाय आवाजाला खोली येत नाही, हे कवडूला माहीत होतं.

"यंदा मृदंगावर कोण आहे?" पुंडलिकरावांनी विचारलं.

"ऋषिकेश."

"हात गोड आहे त्याचा. पण कणकेची लई घाई करते तो. कोरडी थापते, मंग वाजवता वाजवता मधातच सुटते." पुंडलिकरावांनी डोळे उघडले. समोर रस्ता, दोन्ही बाजूंना संत्र्याचे बगीचे. "जवाईबुवा, कणीक तं मी उजव्या हातानंच लावत होतो न?"

"हो मामाजी. उजव्याच."

"मंग मी तुमच्या घरी काय करून राहिलो?"

मोहगावचा रस्ता फुटला तिथं कवडूनं गाडी वळवली. पंचफुलेला फोन लावू का, म्हणून विचारलं, तर सासरे म्हणाले, "पहिले पोचवा. लेकीशी बोलायले जन्म आहे, कीर्तन पाच वाजता उभं रायते."

मंडपात टाळकरी जमत होते. म्हाताऱ्याला पाहून ऋषिकेश लगबगीनं उठला आणि जागा देऊ लागला.

"बस रे, बस. जागा तुयीच आहे," पुंडलिकराव म्हणाले, आणि मृदंगाच्या डाव्या अंगाला मांडी घालून बसले. "कणीक आन इकडे."

त्यांनी गोळा उजव्या तळव्यावर घेतला, अंगठ्यानं दाबून पाहिला.

"सांगितलं होतं न, कोरडी आहे. जरासं पाणी द्या कोणी तरी."

तीन जण पाण्याला धावले. त्यांत कवडू सगळ्यांच्या पुढं होता.