व्हर्नाच्या काठावरची लाल फुलं

विस्कॉन्सिनमधल्या त्या ओढ्याच्या अलीकडे थोरली आर्डिस राहायची, पलीकडे धाकटी व्हर्ना. दोघी बहिणींचा म्हातारा बाप हॅल्वर आर्डिसकडे असे. त्याचं न्हाणं-धुणं, औषधं, बटाट्याचं सूप, सगळं तीच करी. व्हर्ना रविवारी ॲपल पाय भाजून घेऊन यायची, घटकाभर हसून-हसवून निघून जायची.

तरी ऑगस्ट लागला की म्हाताऱ्याचा एकच धोशा. "मला व्हर्नाच्या काठावर ने. कार्डिनल फुललं असेल."

उंच दांड्यांवर लालभडक फुलं, त्यांवर भिरभिरणारे हमिंगबर्ड. म्हातारा चाकांच्या खुर्चीत तासन् तास बघत बसे. खुर्ची ढकलून घामाघूम झालेल्या आर्डिसच्या अंगाची लाहीलाही होई. तिनेही नर्सरीतून रोपं आणून आपल्या काठावर लावली होती. शरदातल्या पाचोळ्याखाली त्यांची जमिनीलगतची पानं कुजली, वसंतात नुसतं गवत माजलं.

एका ऑक्टोबरात व्हर्ना लेकीकडे गेली होती. आर्डिस कुदळ घेऊन ओढा ओलांडून गेली. गवतासकट एकूण एक रोप तिने उपटलं. सुकलेली बोंडं फुटली, बी उडालं. गमबुटांनी चिखल तुडवून ती घरी आली आणि बापाचं सूप गरम करायला लागली.

पुढल्या ऑगस्टात काठ भुंडा होता. चिखलाला चिकटलेल्या बारक्या पानांकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. म्हाताऱ्याने हट्ट सोडला, पण बोलणंही सोडलं. खिडकीशी बसून राही. आर्डिसला वाटलं होतं, आता तरी तो आपल्याकडे बघेल.

त्याच्याही पुढल्या ऑगस्टात व्हर्ना धावतच आली. "बाबा, चला, चला!"

सगळा काठ लालेलाल झाला होता.

"रकूनने, त्या मेल्या जनावराने, सगळं उकरलं तेव्हा मी रडले होते," व्हर्ना म्हणाली. "पण याचं बी धुळीएवढं! गवतात रुजत नाही, उघडा चिखल लागतो. त्या रकूनचे पाय धरायला हवेत!"

"व्हर्ना, कमाल केलीस पोरी!" म्हातारा म्हणाला. किती दिवसांनी हसला.

आर्डिसच्या ओठांवर आलं होतं, हे माझ्या हातचं आहे. पण ते बोलायची सोयच तिने ठेवली नव्हती.

"तुला देऊ का गं बी?" व्हर्नाने विचारलं.

"नको," आर्डिस म्हणाली. "चला बाबा, डास चावतायत."

"तू जा," म्हातारा म्हणाला. "मला व्हर्ना आणून सोडेल."