अस्तरावरची कविता

शिवणकाम करणारी मावशी एकटीच स्पॅनिश साहित्याच्या मोठ्या परीक्षेला बसणार होती. शिकवणारं कुणी नाही, वही उघडायला फुरसत नाही. म्हणून बेतायच्या कापडावरच खडूने ओळी लिहायची, पाठ झाल्या की झटकायची. एकदा वकिलाच्या कोटाच्या अस्तरावर अख्खी कविता तशीच राहिली.

वकील तणतणत दुकानात आला. "या वयात ही कसली थेरं? कोण पास करणार तुम्हाला?"

मावशीने कोट ओढून घेतला, बाजूला ठेवला. मग अस्तराकडे न बघता कविता खणखणीत म्हटली, ओळ न् ओळ समजावली, कवी कुठे घसरलाय तेही सांगितलं. मग तिने ब्रशने अस्तर लख्ख केलं.

"घ्या तुमचा कोट. अस्तरावरचं पुसलं," ती कपाळावर बोट ठेवत म्हणाली, "इथलं पुसायची कुणाची टाप आहे?"